मिरीला ठेवून घेतलं

४ मार्च

खोटं बोलले. तेही एका मुक्या जनावराच्या पायाच्या नावाने!

पाहुणा सकाळी केंद्राच्या आवारात आला आणि सरळ मिरीपुढे उकिडवा बसला. "ही माझी ना, ताई?" आपली भाषा तो तोडकीमोडकी बोलतो, पण 'ताई' मात्र पहिल्याच दिवशी उचललं. ठरल्याप्रमाणे मिरी त्याचीच. दोघांनी इथे काम एकत्र शिकायचं, मग त्याने तिला आपल्या देशात न्यायचं – शेजारच्या देशाने मागे हटताना शेताशेतात पुरून ठेवलेले सुरुंग हुंगून काढायला. करारच तसा आहे. कुत्री आपली, माणसं त्यांची.

आणि माझ्या तोंडून गेलं, "तिच्या पायाला लागलंय. तू ढब्बूला घे."

आधी ठरवलं नव्हतं. पण आईने टाकलेलं हे पिल्लू मी बाटलीने दूध पाजून वाढवलंय, स्वयंपाकघरात माझ्या पायात घुटमळत मोठी झाली ती. हे तर म्हणतात, या घरात माझ्यापेक्षा मिरीचा शब्द जास्त चालतो. तिला तिकडे पाठवायचं?

५ मार्च

डॉक्टरांकडे नेली. त्यांनी चारही पाय दाबून पाहिले. "हिला काही झालेलं नाही."

"ठाऊक आहे मला. नुसती पट्टी बांधा."

तरी बांधली त्यांनी. "एकदाच हं, बाई. पुन्हा असल्या कामाला माझ्या दारात यायचं नाही."

९ मार्च

मिरीला लंगडायचं भानच राहत नाही! चेंडू दिसला की पट्टीसकट सुसाट. मी आपली ओरडतेय, "अगं हळू, हळू!" पाहुणा खूश. "तुमचे डॉक्टर फार चांगले, ताई!" रोज जेवण झालं की येऊन तिचा तो धडधाकट पाय कुरवाळतो. मेल्याहून मेल्यासारखं होतं.

१८ मार्च

आज जे पाहिलं ते लिहूनच ठेवते, नाहीतर उद्या मीच म्हणेन की असं काही झालंच नाही.

सरावाची रीत साधी आहे. दोन फितींच्या मधल्या पट्ट्यात स्फोटकाच्या वासाचा डबा पुरायचा. कुत्रा पुढे, लांब दोरीवर. वास आला की त्याने खाली बसायचं, मग चेंडू मिळतो. माणूस मागून चालतो, कुत्रा जिथून गेला तिथूनच. कुत्रा चुकला तर पाय माणसाचा पडतो. डबा मी पुरते आणि कडेला उभी राहते.

आज आवार झाडणाऱ्या मावशींना डबा वर आलेला दिसला. बिचाऱ्यांनी उचलून चार हात पलीकडे पुरला, आणि मला सांगायचं विसरल्या. ढब्बू नव्या जागेवरून सरळ चालत गेला. थांबला नाही, नाक खाली नेलं नाही. मान वळवून माझ्याकडे पाहिलं – मी जुन्या जागेकडे टक लावून उभी. हा पठ्ठ्या तिथे गेला आणि ऐटीत बसला! शेपूट हलवत!

मावशी धावत आल्या, "अहो बाई, डबा इथे नाही, तिकडे आहे!" पाहुण्याने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "जुना वास राहिला असेल मातीत." त्याला पटलं. माझ्यावर विश्वास आहे त्याचा.

ढब्बू जमीन हुंगत नाही. माझं तोंड वाचतो. तिकडच्या शेतात कोणाचं तोंड वाचणार आहे?

१९ मार्च

पूर्वी आंधळी परीक्षा असायची. बाहेरचा माणूस येऊन डबा पुरायचा. कुठे ते मलाही ठाऊक नसायचं. गेल्या वर्षी करार वाढला – दुप्पट कुत्री, निम्म्या वेळात. साहेबांनी बैठकीत विचारलं, काय गाळता येईल? मीच तोंड उघडलं, "आंधळी परीक्षा गाळा. माझी कुत्री मला पाठ आहेत." सगळ्यांनी माना डोलावल्या. केवढा तोरा होता माझा!

२ एप्रिल

आज सांगणार होते. पाहुण्याच्या हातात चहा होता, तो ढब्बूच्या कानातली गोचीड काढत बसला होता. म्हटलं, चहा होऊ दे. मग सांगायचं राहिलंच.

सांगितलं तर मिरी जाणार. एवढं एकच गणित आहे, आणि ते मला रोज सुटतं.

१२ एप्रिल

परीक्षा झाली. डबे मी पुरले, कडेला मी उभी. ढब्बू पाचपैकी पाच! मोठे साहेब आले होते. दोन झेंडे, भाषण, "संकटात जो उभा राहतो तोच मित्र", टाळ्या. ढब्बूच्या गळ्यात हार घातला, तो त्याने खाल्ला.

पाहुणा लढाईआधी गवंडी होता. जायच्या आधी त्याने पिंजऱ्यांपुढची फुटकी पायरी सिमेंटने नीट करून दिली. "ताई, इथे तुम्ही रोज ठेचकाळता," म्हणाला. मला रडू फुटलं. निरोपाचं आहे असं वाटलं सगळ्यांना.

१३ एप्रिल

गेले दोघं.

२२ एप्रिल

बातम्या लागल्या की मी उठून आत जाते. आज ह्यांनी टीव्ही बंदच केला. "खाई त्याला खवखवे. काय खाल्लंयस तू?"

सगळं सांगितलं. मला वाटलं समजूत घालतील. नाही घातली. मिरीच्या डोक्यावरून हात फिरवत म्हणाले, "मग साहेबांना सांग. मिरी जाईल, एवढंच ना?"

एवढंच! ह्यांच्यावर चिडले, जेवले नाही. चिडायला दुसरं कोण आहे?

२९ एप्रिल

पाहुण्याचा निरोप आला, फोटोसकट. ट्रकमध्ये ढब्बू, जीभ बाहेर. इतके दिवस दोघं नुसती तिकडची सवय करत होते. 'सोमवारपासून खरं काम. शाळेमागचं मैदान. पोरांना खेळायला जागा हवी. ढब्बू आहे, काळजी नाही, ताई.'

काळजी नाही!

३० एप्रिल

सांगितलं. साहेबांसमोर उभी राहिले आणि मिरीच्या पट्टीपासून मावशींच्या डब्यापर्यंत सगळं ओकले. पट्टी माझ्या हट्टापायी बांधली, डॉक्टरांना बोलू नका, हेही सांगितलं.

साहेबांचा चेहरा पांढराफटक. "मोठ्या साहेबांचा फोटो आहे हो त्या कुत्र्याबरोबर! तिकडच्या पेपरात पहिल्या पानावर छापलाय." मग डोकं धरून बसले. "आधी का नाही बोललात, बाई?"

उत्तर घरी पायपुसण्यावर झोपलेलं होतं.

मला वाटलं, प्रकरण दाबतील. मीच माणूस ओळखायला चुकले. त्यांनी माझ्यासमोर फोन उचलला आणि तिकडे कळवलं – ढब्बूला मैदानात उतरवू नका. चूक आमची आहे.

२ मे

ढब्बू थांबला. पाहुणाही थांबला. शाळेमागच्या मैदानात कोणी पाय ठेवलेला नाही. देवा!

बदल्यात मिरी जाणार. तिकडून एक परीक्षक येतोय. आता विश्वास नाही राहिला, आणि का राहावा? आंधळी परीक्षा तो स्वतः घेणार.

पाहुण्याने एका ओळीचं लिहिलंय. 'मिरीचा पाय बरा झाला, ताई?' त्याला सगळं सांगितलंय त्यांनी. टोमणा आहे की खरंच विचारतोय? दहा वेळा वाचलं. टोमणाच असू दे. तेवढा तरी मला मिळायला हवा.

९ मे

मिरीला आंघोळ घातली. ह्यांनी तिला टॉवेलने पुसलं आणि तिच्याशी बोलत बसले, "तिकडे शहाण्यासारखं राहा. आगाऊपणा करायचा नाही." मला बघून टॉवेल झटकत उठले.

वाईट वाटतंय, पण आज पहिल्यांदा नीट जेवले. पाहुण्याला जे द्यायचं होतं ते आता तरी जाईल. माझी सगळ्यात गुणी पोर! उद्या परीक्षकाला कळेल, आमच्याकडे कुत्री कशी घडतात ते.

१० मे

परीक्षकाने मला कचेरीत बसवलं आणि खिडकीचा पडदा ओढून घेतला. मिरी पाचपैकी एका डब्यावर बसली. चार डब्यांवरून चालत गेली; प्रत्येक वेळी मान वळवून कडेला बघत होती, मी रोज जिथे उभी असते तिथे.

ढब्बूत खोट नव्हती. करार वाढल्यापासून त्याच्याखेरीज माझ्या हातची अकरा कुत्री तिकडे गेली आहेत. आज सकाळी सगळी कामावर आहेत, मागून माणसं चालतायत. साहेब तिकडे एकेकाला फोन लावतायत. सात जणांचे लागले, चौघांचे अजून नाही.