बांधाजवळ गाडलेले सात डबे

दरेकसा

तीर्थस्वरूप मामाजींना,

दुर्गेश्वरीचा नमस्कार. माझ्या पत्राआधी माझी बातमी पोचली असेल, तर ती अर्धीच खरी धरावी. तुमचा गुडघा कसा आहे? मामींनी तेल सोडून आता डॉक्टरवर भरवसा ठेवला का?

आमच्या बचत गटाचं तुम्हाला ठाऊकच आहे. धानाचा पेंढा शिजवून कुटायचा, मजबुतीला अंबाडीचे धागे घालायचे, कणीच्या खळीत कालवून साच्यात दाबायचं, की चारोळी भरायचे डबे तयार. नागपूरच्या गिऱ्हाइकाची एकच अट होती: डबा मातीत दीड महिन्यात विरला पाहिजे. म्हणून मी सात डबे शेताच्या बांधाजवळ गाडले, भर दुपारी (तेव्हा कोंबड्याही उकरायला येत नाहीत), आणि जागा सापडावी म्हणून खुंट्यांना लाल चिंध्या बांधल्या. इथेच माझं शिक्षण कमी पडलं.

दीड महिना भरत आला तेव्हा शेजारच्या बिसरामकाकांनी चिंध्या पाहिल्या. त्याच आठवड्यात त्यांची म्हैस आटली होती. झालं, हुकुमचंदच्या सुनेनं करणी केली असं गावभर झालं. पाणी भरायला गेले की बाया घागरी उचलून बाजूला होत. सासरे दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत, धड जेवलेही नाहीत. मी समजावायला गेले, तर ऐकून न घेता उठून गोठ्यात गेले. मामाजी, खरं सांगते, मी माहेरी यायला पिशवी भरली होती.

तिसऱ्या दिवशी सकाळी सासऱ्यांनीच चार माणसं बोलावली आणि कुदळ बिसरामकाकांच्या हातात दिली. "खोदा जी. जे निघन ते सगळ्यांसमोर निघन."

पहिल्या खड्ड्यात ओली माती आणि गांडुळं. दुसऱ्यातही तेच. सातव्यापर्यंत काकांना घाम फुटला. "इथं तं काहीच नाही," ते म्हणाले.

मी टाळ्या वाजवल्या. (सुनेनं तिथं वाजवायला नको होत्या.)

"मंग गाडलं का होतं?" सासऱ्यांनी विचारलं.

"डबे होते, बाबाजी. मातीत मिसळले. मिसळायलाच हवे होते."

त्यांनी मूठभर माती उचलली, बोटांनी चुरली आणि तिथंच बांधावर बसले. "याच्यासाठी मी दोन दिवस उपाशी राहिलो?" सासूबाई म्हणाल्या, "आता काऊन बसून राहिले? घरी चला, भाकरी थंडी होऊन राहिली."

म्हैस गाभण निघाली. काल बिसरामकाकू स्वतःहून गटात नाव घालून गेल्या. मीही पिशवी रिकामी केली.

मामींना नमस्कार.

तुमची भाची,
दुर्गेश्वरी

ता. क. गिऱ्हाईक खूश आहे. पंधरा दिवसांत पाचशे डबे हवेत.

ता. ता. क. पेंढा किती, धागा किती, खळ किती, हे प्रमाण हरवू नये म्हणून मी झाकणांवरच लिहिलं होतं. नीट जमलेले डबे सातच होते, आणि तेच झाकणांसकट गाडले. दिवाळीच्या पत्रात मी तुम्हाला ते प्रमाण कळवलं होतं. मामींनी त्या पत्रानं चूल पेटवली नसेल, तर मिळेल त्या गाडीनं पाठवा. इथे कोणाला सांगू नका.