सातवा मणी

६ जाने.
शेजारचे काका जिन्यात पडले त्याला आज दोन आठवडे. तासभर तिथेच पडून होते. फोन खिशात होता, पण दिसत नसल्यावर ते गुळगुळीत डबडं काय कामाचं! त्यांच्या लेकीचं, माधवीचं म्हणणं सरळ: "नाना, फोन स्वतः लावता आला तर राहा काशीत. नाही तर माझ्याबरोबर नाशिकला." वीसला येतेय. काका मला म्हणाले, "मास्तरीणबाई, शाळेतल्या अंध पोरांना शिकवतेस ना, तसं मलाही शिकव. ऐंशीव्या वर्षी काशी सुटू देऊ नकोस."
नाही कशी म्हणू? आई गेली तेव्हा मणिकर्णिकेवर सगळं त्यांनीच केलं. नंतर तेराही दिवस घरी येऊन बसले.

८ जाने.
सरावाला फोनएवढा पुठ्ठा कापला. शाळेत वाटाणे चिकटवते, काकांसाठी आईच्या तुटलेल्या तुळशीमाळेचे मणी शिवले. एक मणी म्हणजे पडद्यावरचं एक नाव. बोट उजवीकडे सारलं की फोन पुढचं नाव बोलतो, दोनदा टिचकी मारली की लागतो. सातवा मणी मोठा घेतला, चटकन कळावा म्हणून. तो माधवी.
काका खूश. फक्त फोनमधल्या बाईचं मराठी पसंत नाही. "उच्चार बघ हिचे! हिंदीच लाव." लावलं. आता तिला "जी, जी" म्हणतात.

१० जाने.
तर्जनी लावतच नाहीत, मधलंच बोट. असू दे, पडद्याला काय फरक.
पण सहाव्या मण्यापर्यंत ठीक, मग परत मागे. पुठ्ठा चाचपत फोन लावला तरी तेच. पाचदा, दहादा...

१२ जाने.
तेच. मी ओरडले आज. "काका, पुढे माधवी आहे, पुढे!" "हात आपोआप फिरतो गं," म्हणाले. एवढ्या वयाच्या माणसावर ओरडले, लाज कशी नाही वाटली मला. मनात हेही आलं की लेकीला फोन करायचाच नसेल त्यांना.

१४ जाने.
संक्रांत. तिळगूळ घेऊन माफी मागायला गेले. "गोड बोल हो," म्हणाले. टोमणाच तो! मग जपाला बसले, मीही बसून राहिले. माळ मोठ्या मण्याशी आली आणि काकांनी ती उलटी फिरवली.
हात्तिच्या! मेरुमणी! जपात तो कोणी ओलांडत नाही, माळेला तर्जनीही लावत नाही. सत्तर वर्षं हा हात तिथून मागे फिरतोय, आणि मी बावळटाने माधवीला नेमकं मेरूवर बसवलं!
सांगितलं तर इतके हसले की ठसका लागला. मेरू काढून तिथे चिंचोका चिकटवला.

१७ जाने.
तीनदा बरोबर, चारदा चूक. एकदा डॉक्टरांनाच लागला.
वीस वर्षं शिकवतेय, पण शिकणाऱ्याच्या हाताला आधीपासून काय येतं ते विचारायचं कधी सुचलं नाही. काकांमुळे कळलं. कसे फेडू यांचे उपकार.

२० जाने.
माधवी आली. स्वयंपाकघरात बसली, फोन पोळपाटाशेजारी. "लावा, नाना." बाहेरच्या खोलीत ती हिंदी बाई एकेक नाव बोलत होती. सहावं बोलली. मग काहीच नाही. अखेर ती "माधवी" बोलली आणि पोळपाटाशेजारचा फोन वाजला.
"माधवी, पडलो नाहीये. चहा टाक."
ती हसली आणि लगेच रडायला लागली. मीही.

२२ जाने.
माधवीकडे परवाची नाशिकची दोन तिकिटं आहेत. काकांचं रद्द केलं का, हे विचारायचं धाडस होईना.
सकाळी फोन वाजला. काका! "काम काही नाही. पुठ्ठ्याशिवाय जमतंय का बघितलं. फार केलंस गं पोरी माझ्यासाठी." म्हटलं, "मी कसलं!" "बरं, ठेवतो," म्हणाले. आणि ठेवायचा कसा, ते मी शिकवलेलंच नाही.
चालूच राहिला. कपबशा वाजल्या. मग माधवीचा आवाज: "नाना, मोठी बॅग कुठे आहे?"
"कुणासाठी?"
पुन्हा कपबशा वाजल्या. मीही फोन ठेवला नाही.