पाय टेकत नाहीत

मंगळवार, ४ मार्च. सकाळी अकरा वाजून दहा मिनिटं

बरोब्बर या वेळेला माझ्या घरात भलताच सोफा आणून ठेवला गेला. वेळ मुद्दाम लिहून ठेवतेय. उद्या कुणी 'आई, तुझाच घोटाळा होतोय' म्हणायला नको.

माझा सागवानी सोफा महिनाभर 'स्टुडिओ'त होता. पूर्वी याला सुतारकाम म्हणायचे. पंचाहत्तरीची चिरंजीवांकडून भेट! आलाय तो देखणा, गुळगुळीत, नवी गादी. बसले — आणि पाय लोंबकळले! माझ्या सोफ्यावर माझे पाय जमिनीला टेकतात. कॉन्व्हेंट शाळेत सिस्टर पट्टी घेऊन फिरायच्या, पाय टेकवून बसायचं म्हणजे बसायचं. पन्नास वर्षं तशीच बसले. हा माझा सोफा नव्हे.

बुधवार, ५ मार्च

चिरंजीव म्हणे, "नवीन फोम आहे आई, दबेल." लाकूड दबतं का रे?

शांतपणे सांगितलं. लग्नानंतर पहिल्याच वर्षी घेतला. मी बुटकी. दिवसभर वर्गात उभी राहून शिकवून घरी यायची आणि सोफ्यावर पाय लटकायचे. ह्यांनी शेजारून करवत मागून आणली, चारही पाय कापले. चौथा जरा जास्तच कापला गेला, म्हणून त्याखाली सायकलच्या ट्यूबचा तुकडा ठोकला. झाला माझ्या मापाचा!

सूनबाईंनी वाकून टॉर्च मारला. "पाय अख्खे आहेत हो आई. कापल्याची खूणसुद्धा नाही."

चिरंजीव मोबाइलमधून मान वर न करता — "सोफ्याचे पाय कोण कापतं, आई?"

तुझा बाप!

शुक्रवार, ७ मार्च

स्टुडिओला फोन. पाचव्यांदा उचलला. "मॅडम, तो सोफा नाही, पीस आहे." बरं बाबा, पीस. पण कुणाचा? "तुम्ही सरांशी बोला ना." आणि ठेवला फोन! सर म्हणजे माझंच कार्टं.

रविवार, ९ मार्च

स्वयंपाकघरातली कुजबुज. "मागे गॅस चालू राहिला होता… आता हे सोफ्याचं… आणि बाबांच्या करवतीची गोष्ट तर बघ ना…"

शनिवारी सकाळी दहाची वेळ घेतलीय. स्मरणशक्तीचे डॉक्टर. "नुसतं दाखवून येऊ गं आई."

नुसतं दाखवून यायला मी काय प्रगतिपुस्तक आहे? भांडले. जितकी भांडले तितकी दोघं एकमेकांकडे बघत राहिली. मग गप्प बसले. तर म्हणे, आई हल्ली गप्प गप्प असते.

सोमवार, १० मार्च

खरंच कापले होते ना ह्यांनी? करवतीचा आवाज आठवतो. साडीवर पडलेला भुसा आठवतो. पण विचारू कुणाला? तेव्हा घरात आम्ही दोघंच होतो. त्यातले एक गेले.

गुरुवार, १३ मार्च

स्टुडिओवाला फोटो काढायला आला. गॉगल डोक्यावर, व्हिडिओ काढत मोबाइलशीच बोलतोय. मी कोपऱ्यात खुर्चीवर.

"हा पीस आला तेव्हा कुणीतरी अडाण्याने याचे चारही पाय कापलेले होते! एक तर इतका आखूड की खाली रबर ठोकलेलं. आम्ही ओरिजिनल उंचीचे नवे पाय बसवले — सांधा शोधून दाखवा!"

रबर!!

खोटं कशाला बोलू, आधी आनंदच झाला. डोकं शाबूत आहे माझं. सोफाही माझाच आहे. पाय तेवढे परके.

"तो अडाणी माझा नवरा," म्हटलं.

पोरगा लाल झाला. "सॉरी मॅडम… पण मी सरांना फोन केला होता. म्हटलं, पाय कापलेत, काय करू? सर म्हणाले, ओरिजिनल करून टाका."

सूनबाई चहाचा ट्रे घेऊन दारात उभी. तिनेही सगळं ऐकलं.

"आणि जुने पाय?" मी विचारलं.

"ते… भंगारात गेले, मॅडम."

करवतीचं काम ह्यांना कधीच जमायचं नाही. तेवढं एकच केलं होतं, माझ्यासाठी.

रात्री सूनबाई जेवली नाही. "मला खरंच माहीत नव्हतं हो आई." नव्हतंच. तिचा चेहरा सांगत होता. चिरंजीव उशिरा आले, थेट झोपायला गेले.

शुक्रवार, १४ मार्च

सकाळी चिरंजीवांच्या डब्याला चिठ्ठी चिकटवली. 'तो फोन विसरलास, की लक्षात असूनही मला डॉक्टरकडे नेणार होतास? उद्या सकाळी नऊच्या आत उत्तर हवं. लेखी. तोंडी चालणार नाही.'

डबा घेऊन गेला.

देवा, 'विसरलो' असंच लिहू दे त्याला.