जुळवून लिहिलेलं तापमान

२ डिसेंबर १९७४, सोमवार. मलकापूर

आलो एकदाचा. सांगलीच्या एस.टी.तून उतरलो तेव्हा एका हातात वळकटी, दुसऱ्या हातात ही कोरी रोजनिशी आणि मनात सुट्टी लागलेल्या पोराचा उत्साह. सांगलीतल्या साप्ताहिकाने मला हाकललं, कारण एका पुढाऱ्याच्या सत्काराच्या बातमीत मी हारांची संख्या खरी छापली. त्यांना एकशे एक हवे होते, मी नऊ मोजले होते. असो. वयाच्या शेहेचाळिसाव्या वर्षी मी मोटारीच्या कारखान्यात नोंदनीस झालो आहे.

कारखाना म्हणजे उसाच्या फडाला लागून एक पत्र्याची शेड. मालक लालासाहेब. साखरेची यंत्रं बघायला एकदा जर्मनीला जाऊन आले, तेव्हापासून मराठी बोलतानाही भाषांतर करून बोलल्यासारखे बोलतात. पेट्रोल महागल्यापासून देशात ज्याला त्याला स्वप्नं पडताहेत. लालासाहेबांना विजेची मोटार पडली. जुन्या गाडीचा सांगाडा, पोटात बॅटऱ्यांच्या दोन रांगा. चालताना शिवणाच्या मशीनसारखी कुरकुरते. गिअर नाहीत, त्यामुळे माझ्यासारख्यालाही चालवता येते.

माझं काम सोपं. रोज सकाळी नऊ वाजता कोयनेच्या पुलापर्यंत जायचं, परत यायचं आणि आकडे लिहायचे. राहायला खोली, वर राहीबाईंच्या हातचा चहा. राहीबाई शेड झाडतात. आधीचा नोंदनीस केरबा, लष्करातून हवालदार होऊन आलेला. तो गेला म्हणाले. बरी नोकरी लागली असेल.

५ डिसेंबर, गुरुवार

लालासाहेबांनी आज तासभर मला त्यांचं लाडकं अपत्य दाखवलं. स्टिअरिंगच्या डाव्या अंगाला बशीएवढी तबकडी, तिच्यावर काटा आणि सेंटिग्रेडचे आकडे. गाडीत बसल्याबसल्या बाहेरच्या हवेचं तापमान कळतं. खिडकी उघडून हात बाहेर काढला तरी कळतं, हे मी बोललो नाही.

पण कबूल करायला हवं, विचार केलेला आहे. उष्णता ओळखणारा एक मणी पुढच्या बंपरमागे भोकं पाडलेल्या पितळी डबीत बसवला आहे. तिथे वारा लागतो. ऊन, डांबराची धग आणि मोटरची गरमी लागत नाही. तिथून वायर तबकडीपर्यंत. गाडी उभी असली की बॅटऱ्यांची ऊब डबीत साठते आणि काटा थापा मारतो, म्हणून अर्धा किलोमीटर पळाल्यावरच आकडा घ्यायचा. आणि हे हवं कशाला? तर गारठ्यात बॅटरी ढेपाळते. बाहेर किती थंडी आहे ते कळलं, तर आपण घरी पोहोचू का रस्त्यात बसू, ते कळतं.

नोंदीची पद्धत अशी: काट्याचा आकडा गाडीतच पेन्सिलीने लिहायचा. शेडच्या उत्तरेच्या भिंतीवर साधं तापमापक टांगलंय, त्याचा आकडा शेजारी. मग ऑफिसात बसून दोन्ही शाईने. आज काटा १६, भिंत १४. मी तसं लिहिलं. लालासाहेबांचा चेहरा दह्यात माशी पडल्यासारखा झाला. अठ्ठावीस तारखेला मुंबईहून गाडी पारखायला समिती येणार आहे, तिला फरक दिसता कामा नये.

ते गेल्यावर मिस्त्री नाथाजीने मला शहाणं केलं. "आवं संपादक, जुळवून लिवा की! भिंतीचा आकडा त्योच काट्याचा. केरबा बी तसंच लिवायचा. कुनाचं काय जातंय?"

मी रबराने १६ खोडला आणि शाईने १४ लिहिला. हारांचा मान राखला असता तर आज सांगलीत असतो.

१० डिसेंबर, मंगळवार

लालासाहेबांच्या जर्मन बुद्धीचा विजय असो. सकाळी भिंत १५. फडातल्या माणसांनी कानाला मफलर गुंडाळलेले. आणि काटा ३७! बंपरखाली यांनी मे महिना बांधून ठेवलाय.

नाथाजीने डबी उघडली, मणी पुसला, वायर तपासली. तो स्वतः चालवून आला, तेव्हा काटा १५. मी बसलो, ३७. तो म्हणाला, "यंत्राला तुमचं त्वांड आवडलं न्हाई, गड्या." मी म्हणालो, मालकालाही आवडत नाही, पण तो दाखवत नाही.

खोडलं. १५ लिहिलं.

१३ डिसेंबर, शुक्रवार

काटा ३६. खोडला.

राहीबाई चहा द्यायला गाडीजवळ कधीच येत नाहीत, मलाच शेडच्या दारात बोलावतात. मी थट्टेने कारण विचारलं. म्हणाल्या, "आमचं मालक त्याच गाडीत गेलं न्हवं." केरबा यांचा नवरा! आणि गेला म्हणजे तसा गेला. मला इथे कुणी धड वाक्यात सांगितलं नाही.

एप्रिलची भर दुपार. गाडी उन्हात उभी. हा सीटवर, हात स्टिअरिंगवर. लालासाहेब म्हणाले हृदयविकार. राहीबाई म्हणतात, अंग विहिरीतून काढल्यासारखं गार होतं, आणि ते त्या दिवशीच झालं नव्हतं. तीन आठवडे गार पडत होतं.

बाईमाणसाचं दुःख, आपण ऐकून घ्यावं. तापमान हा लालासाहेबांचा विषय, त्यात भुताटकीची भर कशाला.

१६ डिसेंबर, सोमवार

सर्दीसारखं वाटलं म्हणून कराडला दवाखान्यात गेलो. कंपाउंडरने काखेत थर्मामीटर दिला. सत्त्याण्णवच्याही जरा खाली. ताप नाही, उलट कमी आहे, म्हणाला. भिंतीवर औषध कंपनीचा तक्ता होता, फॅरनहाइटशेजारी सेंटिग्रेड. वेळ जायला वाचत बसलो.

सत्त्याण्णवच्या जरा खाली म्हणजे ३६. अठ्ठ्याण्णव पॉइंट सहा म्हणजे ३७.

आपण सगळे ताप फॅरनहाइटमध्ये काढतो आणि हवा सेंटिग्रेडमध्ये. म्हणून आठवडाभर माझ्या डोळ्यांसमोर असून मला दिसलं नाही. तो काटा चुकत नव्हता. तो बाहेरची हवा मोजत नव्हता, एवढंच.

योगायोग. सुशिक्षित माणूस दुसरं काय म्हणणार?

१८ डिसेंबर, बुधवार

काटा ३४. स्वतःचा थर्मामीटर विकत आणला. पारा चढतच नाही. पंच्याण्णवच्या खाली त्याला खूणच नाही. इतक्या खालच्या माणसासाठी तो बनवलेलाच नाही.

केरबाची जुनी वही कपाटात सापडली. शाईचे आकडे एकजात जुळलेले, बघून समितीने मुका घ्यावा असे. पण पान उन्हात तिरकं धरलं की खोडलेली पेन्सिल दिसते. ३७. ३६. ३४. ३३. ३२. प्रत्येक ठिकाणी रबर फिरवलेलं, आणि प्रत्येक रबरानंतरचा आकडा आधीच्याहून खाली. मार्चअखेरपासून एप्रिलच्या एकोणीस तारखेपर्यंत. त्या दिवशी पेन्सिलीखाली ३१, शाईत ३१, भिंत ३१. तिथे खोडलेलं नाही. त्या दिवशी जुळलं होतं.

त्यापुढे पानं कोरी.

२० डिसेंबर, शुक्रवार

परवापासून खोडलं नाही. काटा ३४, शाईने ३४ लिहिलं. आजही ३४. खाली गेला नाही! आजही खरंच लिहिलं.

म्हणजे इतकंच आहे. खोडायचं नाही. माझ्यासारख्या माणसाला हे अवघड नको.

२२ डिसेंबर, रविवार

लालासाहेबांनी सुट्टीच्या दिवशी बोलावलं. वही समोर. भिंत १५ आणि काटा ३४ ही काय थेरं आहेत, म्हणाले. मी केरबाचं पान उन्हात धरून दाखवलं. त्यांनी पानाकडे पाहिलं नाही, माझ्याकडे पाहिलं. मग अगदी गोड आवाजात सांगितलं की आकडे नीट करा, नाहीतर उद्याची पहिली गाडी पकडा. आणि सांगलीत तुम्हाला दारात तरी कोण उभं करतंय, ते आधी विचारून ठेवा.

आयुष्यभर मी हुजऱ्यांवर लिहीत आलो. त्यांची वाकलेली पाठ, घोगरा 'जी साहेब', सगळं मला पाठ आहे. आज ते स्वतःत पाहायला आरशाचीही गरज पडली नाही.

खोडले. शाईच्या खरखरीत रबराने, चार दिवसांचे चारही एकदम. रबराची काळी भुकटी फुंकली, तर तोंडातून वाराही धड निघेना.

२३ डिसेंबर

काटा २८.

एकदम सहा अंश. नाथाजीला सांगितलं. त्याने न विचारता पक्कड घेतली आणि डबीची वायर तोडली. काटा हलला नाही. २८. तो आता माझ्याशी थट्टा करत नाही. "संपादक" म्हणत नाही, "साहेब" म्हणतो.

२४ डिसेंबर

सकाळी धुकं. नाथाजीच्या तोंडातून वाफ, बैलांच्या नाकातून वाफ, राहीबाईंच्या तोंडातून वाफ. माझ्या तोंडातून—

तीनदा फुंकलं. काही नाही.

राहीबाईंनी कप देताना माझी बोटं धरली. रडल्या. "आवं, वही फाडा ती. लय हात जोडून सांगते." केरबाला त्यांनी हे सांगितलं नव्हतं, कारण तेव्हा त्यांना माहीत नव्हतं; त्याच्या वहीतल्या खोडलेल्या आकड्यांचं मीच परवा सांगितलं.

धावत ऑफिसात गेलो. खरे आकडे परत लिहिणार होतो. प्रत्येक पानावर.

वही नाही. लालासाहेबांनी रात्रीच्या एस.टी.ने मुंबईला पाठवली, समितीला आधी चाळायला. आकडे फार सुंदर जुळलेत म्हणाले.

२६ डिसेंबर

गेलो नाही गाडीकडे. खोलीत, दोन घोंगड्या, उन्हात खाट. ऊन अंगावर पडतं आणि आत येत नाही. भूकही नाही. दुखत मात्र नाही काही.

नाथाजी दारात आला, उंबऱ्याच्या आत नाही. म्हणाला, गाडी उभीच हाय, आत कुणी न्हाई. काटा २३ वर हाय. खाली येतोय.

इथे मी खरं लिहितोय. ३७, ३६, ३४, २८, २३. सगळे खरे. पण ही माझी रोजनिशी आहे, वही नव्हे—

२७ डिसेंबर

पळायला निघालो. कराडच्या स्टँडवर कंडक्टरने हातात तिकीट दिलं आणि हात झटकला. नंतर खाकी विजारीला पुसला.

सांगलीत कुणासमोर उभा राहणार? असा?

परत आलो. चालत. दम लागला नाही— लागायला हवा होता.

२८ डिसेंबर, सकाळ

गाडीत बसवलंय. लालासाहेबांचा कोट नवा. समिती पोहोचली, हार आलेत. मोजले. नऊ.

पेन्सिल धरवत नाही, दोन तळव्यांत दाबून लिहितोय. बोटं वळत नाहीत.

लालासाहेब खिडकीतून तबकडी बघतात. काटा १९ होता. भिंत १८. त्यांच्या कपाळावर आठी. मी सांगणार होतो, थांबा जरा— जीभ जड—

समितीतले एक साहेब वाकले. छान यंत्र म्हणाले. लालासाहेब हसले.

राहीबाई शेडच्या दारात. पदर तोंडाशी.

हलला. काटा १८, भिंत १८. आज खोडायची गरज ना