सिनेमात नसलेला फोन

सोमवार, ९ मार्च
सकाळी साडेसात

प्रिय बायो,

तुझं पत्र शनिवारी मिळालं. इकडे आम्ही बरे आहोत. तुझ्या वहिनीचा गुडघा जिना चढताना अजून कुरकुरतो, तीही कुरकुरते, तेव्हा जोडी जमली आहे. आईच्या खोलीला परवा रंग दिला. तुम्ही सगळे कसे आहात हे नेहमीसारखं विचारणार होतो, पण तुझं पत्र वाचल्यावर ते विचारायला तोंड राहिलं नाही.

फोन तू उचलत नाहीस, म्हणून लिहितो.

ठमी मैत्रिणींबरोबर आपल्या बोगद्यावरचा सिनेमा बघून आली आणि जेवताना भावोजींना म्हणाली, "बाबा, पंप सोडून पळालेला माणूस तुम्हीच ना?" त्यावर भावोजींनी हातातला घास खाली ठेवला आणि म्हणाले, "हो. मी वर आलो होतो." तेव्हापासून लेक बापाशी बोलत नाही, ते दुकानातच जेवतात, आणि तू मला विचारतेस, "दादा, तू तिथे होतास. सिनेमात दाखवलंय ते खरं का? इतकी वर्षं मी कुणाबरोबर संसार केला, ते एकदा सांगून टाक."

आता सिनेमाचं म्हणशील तर त्यात खोट्याला तोटा नाही. बोगद्यात पाणी घुसलं तेव्हा आत अकरा माणसं होती, त्यांनी चाळीस केली. आपल्या बोगद्यात चार पिवळे दिवे आणि घोटाभर चिखल. त्यांच्याकडे सगळीकडे निळा उजेड, फोटो स्टुडिओत असतो तसा. नायक, म्हणजे मी, गुडघाभर पाण्यात उभा राहून भाषण ठोकतो. पाणी चढत असताना कुणी भाषण सुरू केलं असतं तर आमच्या माणसांनी त्यालाच आधी बुडवलं असतं. आई आंधळी दाखवली आहे. सत्तराव्या वर्षी चष्म्याशिवाय सुईत दोरा ओवणारी बाई! ती असती तर दिग्दर्शकाचे कान उपटून आली असती.

आणि सिनेमात मला बहीणच नाही. खरं तर हे मला सगळ्यात आधी खटकायला हवं होतं. खटकलं नाही. बरंच वाटलं.

बघ, तू विचारलंस एक आणि मी सांगतोय भलतंच. लहानपणी माझ्या हातून काही फुटलं की मी आधी हवापाण्याच्या गप्पा मारायचो, आणि तू लगेच ओळखायचीस. आत्ताही ओळखलं असशील.

कामावर जायची वेळ झाली. उरलेलं उद्या लिहितो.

मंगळवार, दुपार

काल पत्र खिशात घालून गेलो आणि तसंच परत आणलं. आज रजा टाकली आहे. वहिनीला मघाशी सगळं सांगितलं. ती दुसऱ्या खोलीत जाऊन बसली आहे.

सिनेमातला तो प्रसंग तू पाहिलास का, माहीत नाही. पंपावरचा माणूस पाणी बघतो, आपला डबा उचलतो आणि शिडीने पळत सुटतो. पहिल्या खेळाला मला पाहुणा म्हणून बोलावलं होतं. त्या प्रसंगाला लोकांनी शिट्या मारल्या, शिव्या घातल्या. माझ्या शेजारचा गृहस्थ म्हणाला, "असल्या माणसाला सोडलं कसं?" मी मान हलवली. शेवटी दिवे लागले, लोक माझ्याकडे बघून टाळ्या वाजवायला लागले, आणि मी उठून हात जोडले. बायो, मी हात जोडले.

सिनेमाची लेखिका गेल्या वर्षी चार दिवस आपल्या घरी येत होती. बारीक अक्षरात सगळं टिपून घ्यायची. तिने विचारलं, "पंप बंद कसा पडला?" मी म्हणालो, "पंपावरचा माणूस वर आला होता." तिने विचारलं, "का?" मी म्हणालो, "ते त्यालाच ठाऊक."

ते मला ठाऊक होतं. मीच त्याला वर बोलावलं होतं.

त्या पाळीला मी मुख्य होतो आणि वर, बोगद्यात उतरायच्या उभ्या शाफ्टच्या तोंडाशी होतो. पाणी फुटल्याची घंटा झाली तेव्हा अकरा माणसं बोगद्याच्या टोकाला होती. बाहेर यायच्या वाटेवर मध्येच एक खोलगट भाग होता. तिथलं पाणी भावोजींचा पंप उपसत होता, म्हणूनच वाट मोकळी होती. पंपघर शाफ्टच्या तळाशी. विजेच्या पेटीपर्यंत पाणी पोचलं की तिथे उभ्या असलेल्या माणसाचं काय होतं, ते मी आधीच्या एका कामावर डोळ्यांनी पाहिलं होतं.

मी पंपघरात फोन लावला. कामावर मी त्यांना अरेतुरे करायचो, ते मला साहेब म्हणायचे, हे तुला माहीत आहे.

"पाणी कुठवर आलंय?"

"पेटीच्या खाली दोन हात आहे, साहेब. वेळ आहे अजून."

"बंद कर आणि वर ये."

"माणसं आत आहेत, साहेब."

"मला अक्कल शिकवू नकोस. हा हुकूम आहे. वर ये!"

ते म्हणाले, "दादा, माणसं आत आहेत." कामावर त्यांनी मला त्या एकदाच दादा म्हटलं.

मी म्हणालो, "आणि तिकडे माझी बहीण सातव्या महिन्यात पडून आहे. येतोस की मी खाली येऊ?"

ते आले. पंप थांबला. पाणी पेटीपर्यंत चढायला नंतर वीस मिनिटं लागली, ते चौकशीतच निघालं. खोलगटातून चालत यायला सहा मिनिटं पुरतात. आठ जण कसेबसे बाहेर आले. त्यांतल्या पाच जणांना मी दोर बांधून आत जाऊन ओढून आणलं, सिनेमातलं तेवढं खरं आहे. लोक त्याला धाडस म्हणतात. मी त्या वेळी फक्त एवढंच मोजत होतो, की अजून किती उरले. तीन उरले.

चौकशीत मला विचारलं, "पंप बंद करायचा हुकूम कुणी दिला?" मी म्हणालो, "कुणीच नाही." मी बाहेर आलो तेव्हा भावोजी बाकावर बसले होते. माझ्या तोंडाकडे बघूनच त्यांना कळलं. मी काही बोलायच्या आत तेच म्हणाले, "दादा, आत्ता काही बोलू नका. तिला धक्का बसायला नको. बाळ होऊ दे, मग बघू." आत जाऊन त्यांनी सांगितलं, "मी घाबरलो, वर आलो."

ठमी झाली. मग आपण सगळे तिच्यातच रमलो, आणि मी 'मग बघू' वर बारा वर्षं काढली. त्यांना पुन्हा कुठल्याही कामावर कुणी घेतलं नाही. शिलाई मशिनं दुरुस्त करत बसले. भेटले की माझ्या पाठीवर हात ठेवायचे. तो हात मला सोसायचा नाही, म्हणून मी तुमच्याकडे येणं कमी केलं. तू समजत होतीस की मला तुझ्या नवऱ्याची लाज वाटते.

एक गोष्ट नीट लिहितो. मी हे सगळं तुझ्यासाठी केलं असं म्हणायचा मोह होतो आहे. फोन तुझ्यासाठी केला, ते खरं आहे. पण खोटं मी माझ्यासाठी बोललो. त्याचा कणभरही भार तू डोक्यावर घेऊ नकोस.

तुझं पत्र आलं त्याच दिवशी मी दिग्दर्शकाला जाऊन भेटलो. म्हटलं, हा प्रसंग काढा, असं घडलं नव्हतं. तो भला माणूस आहे, चहा मागवला. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "दिवे, भाषण, तुमची आई, हे आम्ही रचलं, कबूल. पण पंपवाला आम्ही रचलेला नाही हो. तो तुम्हीच दिलात." पटकथेच्या त्या पानावर माझी सही होती. ती त्याने दाखवली.

आज सकाळी मी बोगद्याच्या कचेरीत जाऊन लेखी जबाब दिला. तिथले साहेब म्हणाले, "प्रकरण कधीच मिटलंय. नोकरीची दोन वर्षं राहिलीत तुमची. कशाला हात पोळून घेता?" मी शिक्का मारून घेतला. त्याची नक्कल सोबत जोडली आहे.

तिथून मेलेल्या तिघांपैकी ड्रिलवाल्याच्या बायकोकडे गेलो. दारातच सांगितलं. ती ओले हात पुसत ऐकत होती. मला वाटलं, मारेल. तिने विचारलं, "पंपवाल्यांना मूल आहे का?" म्हटलं, "मुलगी आहे, बारा वर्षांची होईल." ती म्हणाली, "मी तिच्या बापाला रोज शाप दिलेत. ते आता परत कसे घेऊ, ते सांगा." तिने दार लावलं. उरलेल्या दोन घरी उद्या जातो.

तू विचारलं होतंस, इतकी वर्षं कुणाबरोबर संसार केला. ज्याने आत माणसं आहेत म्हणून मला दोनदा अडवलं, त्याच्याबरोबर. हे त्यांच्या तोंडून तुला कधीच कळलं नसतं. ठमीला हे पत्र तू वाचून दाखव. माझ्याबद्दलचं काही गाळू नकोस.

रविवारी दुपारी येतो. तुमच्या घरी नाही, त्यांच्या दुकानात, गिऱ्हाइकं असतील त्या वेळी. त्यांनी मला बसायला सांगितलं नाही तरी चालेल, मी उभ्यानेच बोलेन. त्यानंतर मला तुमच्याकडे यायची परवानगी द्यायची की नाही, हे तू ठरवू नकोस. ते त्यांना ठरवू दे. आजवर त्यांच्या वतीने सगळं मीच ठरवत आलो.

तुझा भाऊ,
आणि त्यांचा अपराधी