पलंगाची रिकामी बाजू

४ मार्च
कामाची नवी जागा झकास आहे. खोली हवेशीर, वहिनी बोलक्या, आल्या आल्या चहासुद्धा मिळाला. पेशंट म्हणजे वहिनींच्या नवऱ्याची, दादांची आई, लकव्याने अंथरुणाला खिळलेली. मी त्यांना आजी म्हणते. वाचा गेलीय, पण डोळे खोडकर. आमची गट्टी जमणार.

फक्त माकडहाडावर लिंबाएवढी जखम आहे. गादी इतकी मऊ असून असं कसं, वहिनींनी विचारलं. म्हटलं, मऊपणाचा प्रश्न नाही. हाड आणि गादी यांच्यात कातडी दबून राहिली की तिथे रक्त पोचत नाही आणि ती जागा मरायला लागते. त्यात ओल, ओढाताण, तुटपुंजं खाणं. पुस्तकात याला शय्याव्रण म्हणतात, मी हलगर्जीपणा म्हणते. उपाय एकच, कूस बदलत राहणं.

५ मार्च
दादांशी वाजलं. आईला मधोमधच ठेवा, बाजूला जागा सोडू नका म्हणतात. का विचारलं, तर डबा उचलून निघाले. इकडे बाईची पाठ सडतेय! ते कामावर गेल्यावर मी आजींना कडेला घेऊन कुशीवर वळवलं, पाठीला उशी लावली.

८ मार्च
जखम भरतेय. मी स्वतःवर जाम खूश.

रिकाम्या बाजूची गादी मात्र दबलीय, कुणी निजून उठल्यासारखी. हात लावला तर कोमट. खिडकीतलं ऊन असेल.

११ मार्च
आजींच्या छातीच्या हाडावर लाल डाग. बोटाने दाबला तरी फिका पडत नाही, म्हणजे व्रणाची सुरुवात. गुडघ्यांवरही, समोरून. मी त्यांना पालथं कधीच घातलेलं नाही. वजन पडेल तिथेच व्रण पडतो. मग वरून वजन कुणाचं?

१२ मार्च
वहिनींना खोदून खोदून विचारलं. सासरे याच पलंगावर, त्याच बाजूला गेले. पाठ हाडापर्यंत उघडी पडली होती. आजी तेव्हा धडधाकट होत्या, पण नवऱ्याला वळवायच्या नाहीत. मुद्दाम. एवढं सांगून वहिनी स्वयंपाकघरात गेल्या.

मला भीती वाटतेय.

१३ मार्च
आजींना परत मधोमध ठेवलं. उपयोग नाही. भरदुपारी त्यांची छाती आत दबताना पाहिली — वर काहीच नाही. ओठ निळे. दादा म्हणाले, खोली बदलून झाली, गादी बदलून झाली. आजींना टाकून घर सोडावं तर त्या जगायच्या नाहीत.

१४ मार्च
विचार केला — वहिनींच्या सासऱ्यांना काय हवं होतं? कुणीतरी वळवायला. माझं कामच ते.

आजींना कडेला घेतलं. शेजारी खड्डा पडला. म्हटलं, आजोबा, घाबरू नका, आणि हात खाली सारले. वजन लागलं. ओलं. डोळे मिटून वळवलं —

गादी वर आली. आजींचा श्वास मोकळा झाला. मी रडले.

१५ मार्च
आजींचे डाग फिके. मी दुपारी माझ्या खाटेवर जरा पडले. उठता येत नाही. छातीवर — ओलं —

दादा दारातून बघून गेले. आजींना पलीकडच्या खोलीत हलवलं. दार ओढून घेतलं.

टाचा जळतायत. डावा हात अडकलाय त्यांच्याखाली — वळवते, आजोबा, वळवते म्हणतेय ना, पण आधी हात सोडा, नाहीतर मी कशी —

आता उजवाही ध