मज्जारज्जू काय काय विसरतो

तीर्थस्वरूप मामांस,

साष्टांग नमस्कार (कागदावरच घालतो, समोर घातला तर आशीर्वादाला वाकाल, पाठीत कळ येईल आणि मामी मला बोलेल). तब्येत विचारणार होतो, पण विचारणाऱ्याला तुम्ही पाठ दाखवता असं कळलं. पाठीतली गाठ परत आली म्हणून डॉक्टर पुन्हा किरणं द्यायची म्हणतात आणि तुम्ही म्हणता, मणक्यातली दोरी एकदा भाजलीय, आता भाजली की पाय गेले.

मी दवाखान्यात बेरजा करतो असं तुम्ही पाहुण्यांना सांगता. त्या बेरजा याच दोरीच्या आहेत. रोज थोडी किरणं दिली तर मज्जारज्जू दुसऱ्या दिवसापर्यंत बरीच डागडुजी करतो. तेवढीच एकदम दिली तर मनात धरतो. वर्षं गेली की जुनंही पुष्कळ विसरतो. आमच्या डॉक्टरीणबाईंना हे सूत्र पटेना, म्हणून मामीचं उदाहरण दिलं. ओला टॉवेल तुम्ही रोज पलंगावर टाकता, ते ती सकाळी विसरते. एकदाच तिच्या बहिणीसमोर तिच्या स्वयंपाकाला नावं ठेवलीत, ते अजून निघतं. बाईंना लगेच पटलं. पण घाईत मी प्रोग्राममध्येही मज्जारज्जूच्या जागी 'मामी' लिहून बसलो आणि ते तसंच राहिलं. परवा भर बैठकीत आमच्या साहेबांनी विचारलं, "या पेशंटची मामी अजून किती सोसेल?" कोणी हसलंसुद्धा नाही.

नेमकी तेव्हाच मामी तुमचे जुने रिपोर्ट घेऊन आली. पडद्यावर आलेख होता, 'मामी कोलमडण्याची शक्यता'. चष्मा लावून तिनं तो नीट पाहिला आणि म्हणाली, "ही रेघ शून्यापासून कशी काय सुरू होते?"

मग तुमचे आकडे घातले, डॉक्टरीणबाईंनी ते वेगळे तपासले. पहिल्या खेपेचं बरंचसं तुमचा मज्जारज्जू विसरलाय. धोका थोडा आहे, शून्य नाही. शून्य म्हणालो तर मी नुसता भाचा उरेन. गाठ तशीच ठेवली तर मात्र पाय जातीलच, त्याला गणित लागत नाही. मला त्याचीच भीती वाटते, मामा.

तुमचा,
बेरजा करणारा भाचा

ता. क. सोमवारी या. एवढंच लिहायचं होतं.

आणखी ता. क. पत्र मामीला वाचून दाखवलं. ती म्हणते, त्यांची दोरी विसरली असेल, मी स्वयंपाकाचं विसरलेले नाही. ते भांडण अजून बाकी आहे आणि त्याला माणूस स्वतःच्या पायावर उभा हवा. सोमवारी रिक्षा तीच बोलावणार आहे. तेवढा टॉवेल उचलून ठेवा.